तापमानाच्या रकान्यात तीस

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला नवल वाटायला नको. रनाळ्याला माझी आई शेजारणींना सांगायची, "इना डोकामा कायम तवा तापेल शे." आम्ही शेतीवाडीची माणसं, घरात कुणाचं ऐकून घ्यायची सवय कमीच. त्यात मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. मग तर विचारूच नका. बस कंडक्टरपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना माझं शहाणपण शिकवून झालंय.

नंदुरबारला एका खाजगी प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. काम म्हणजे हवेतले वायू मोजणाऱ्या मशीनांना शिकवायचं. शिकवायचंच म्हणते, कारण मशीनला स्वतःहून काही कळत नसतं. आपल्याला नक्की माहीत असलेला गॅस त्याच्यात सोडायचा आणि सांगायचं, बाबा रे, हा एवढा आहे. ते कमी-जास्त दाखवायला लागलं तर त्याचा कान पिळून बरोबर आकड्यावर आणायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. लोकांना वाटतं मशीन खरं सांगतं. मशीन आम्ही सांगू ते सांगतं.

पण तो 'नक्की माहीत असलेला' गॅस आणायचा कुठून? गंधकाच्या वायूसाठी आमच्याकडे एक नळी असते. करंगळीएवढी, टेफ्लॉनची, दोन्ही तोंडं बंद. आत तो वायू दाबून पातळ केलेला. नळीच्या अंगातून तो सतत झिरपत राहतो, इतका थोडा की डोळ्याला काहीच दिसत नाही. दर मिनिटाला किती झिरपला हे कळायचं कसं, तर महिन्या-महिन्यानं नळी तोलायची. जेवढी हलकी झाली, तेवढा वायू गेला. अट एकच, नळी तीस अंशांवर राहिली पाहिजे. एक अंश वाढला तरी झिरपणं वाढतं. आठ-नऊ अंश वाढले तर जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून ती एका डब्यात बसवलेली असते. चपलांच्या खोक्याएवढा डबा, आत हीटर, समोर तापमानाचा आकडा आणि एक लाल दिवा. हीटर तापवत असला की दिवा लागतो.

आता यातली खोच अशी की हा डबा गरम करू शकतो, गार करू शकत नाही. बाहेर वीस अंश असले तर तो नळीला तीसवर नेऊन धरून ठेवेल. बाहेर चाळीस असले तर बिचारा गप्प बसेल. हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर आकृती काढून लिहिलं असतं.

खांडबाऱ्याजवळ एक आश्रमशाळा आहे. शाळेच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे खांडसरीचा कारखाना. साखर पांढरी दिसावी म्हणून तिथं उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात. तो धूर सगळाच काही रसात राहत नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशीनं मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यावर एक तक्रार लिहून घेतली होती आणि खाली आपली सही केली होती. सही म्हणजे पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर सुटं. सकाळी पोरं डोळे चोळत उठतात, खोकतात, नाल्याकडच्या खिडकीजवळ झोपणाऱ्या पोरी जास्त खोकतात, आणि कारखाना बंद असतो त्या दिवशी कुणीच खोकत नाही, असं त्यात होतं. त्या अर्जाची प्रत मी पाहिली तेव्हा मनात म्हटलंसुद्धा, बाईनं बघितलंय हां नीट. तिची नात चौथीत होती आणि त्याच खिडकीखाली झोपायची, हे मला नंतर कळलं.

कारखान्यानं सगळं नाकारलं. मग सरकारी कचेरीनं आमच्या प्रयोगशाळेला सांगितलं, पाच आठवडे मशीन लावा आणि काय ते एकदा होऊन जाऊ द्या. मशीन टेंपोतून गेलं. मी नळीचा डबा मांडीवर घेऊन पॅसेंजरनं गेले. तो डबा मी कुणाच्या हातात देत नाही. एप्रिल लागला होता आणि गाडी खांडबाऱ्याला पोचेपर्यंत ऐन दुपार व्हायची.

शाळेत प्लग एकाच ठिकाणी धड होता, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत. तिथं मोठी पातेली आणि पाण्याचे पिंप ठेवलेले. आत पाऊल टाकलं तर भट्टीच. मी मशीन मांडलं, नळ्या जोडल्या, डबा टेबलावर ठेवला. तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत दारात आली. पन्नाशीची असेल, बारकी, काळीसावळी, केस घट्ट बांधलेले. घरी त्यांची बोली वेगळी, मराठी ती शाळेत येऊन शिकलेली. त्यामुळे तिच्या तोंडी लहानमोठं कुणीही असो, 'तू'च.

"ताई, हा डबा तू इथं नको ठेवू," ती म्हणाली. "इथं पत्रा तापतो. पिंपातलं पाणी पण तापतं. मागं धान्याची खोली आहे, मातीची. तिथं गार असतं. मी भाजी तिथंच ठेवते, नासत नाही. वायर लांब असेल तर पोचेल."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दोन तास डबा मांडीवर धरून कंबर मोडलेली, घामानं कपडे चिकटलेले, आणि आता ही मला डबा कुठे ठेवायचा ते सांगणार!

"मावशी, तुम्ही भाकरी बघा. मशीनचं मी बघते."

ती गेली. पाचच मिनिटांत ओलं गोणपाट घेऊन परत आली आणि डब्यावर टाकायला लागली. मी केवढ्यांदा ओरडले! "अहो, करंट बसेल! काही कळतं का तुम्हाला?" व्हरांड्यातल्या दोन शिक्षिका वळून बघायला लागल्या. गोणपाटाच्या बाबतीत माझं बरोबर होतं, विजेच्या वस्तूवर ओलं टाकतात का कुणी? आणि तेवढं एक बरोबर निघालं म्हणून मला वाटलं, बघा, म्हटलं नव्हतं, हिला काही कळत नाही. ती गोणपाट घेऊन निघून गेली.

मग मी डब्याकडे पाहिलं. आकडा होता अडतीस पूर्णांक सहा. लाल दिवा विझलेला. मी ओढणीनं काच पुसली, जसं काही धुळीमुळे तिसाचे अडतीस दिसत होते. थोडा वेळ थांबले. आकडा तोच.

आमचा एक छापील फॉर्म असतो. त्यात डब्याच्या तापमानाचा रकाना आहे. मागची सगळी पानं चाळली तर ओळीनं तीस, तीस, तीस. मी स्वतःला म्हटलं, तापमान दाखवणारा सेन्सर बिघडला असणार, गाडीत हादरे खाल्लेत त्यानं. आणि पेन काढून लिहिलं: ३०.०.

बास. एवढंच केलं मी. पुढचं सगळं आपोआप झालं.

नळीचा गॅस मशीनमध्ये सोडला, तर मशीननं अपेक्षेच्या दुप्पट आकडा दाखवला. दाखवणारच! नळी तापलेली, दुप्पट गॅस सोडत होती. मशीन बिचारं खरं बोलत होतं. मी म्हटलं, हे पण बिघडलं वाटतं, आणि त्याचा कान पिळून आकडा निम्म्यावर आणला. म्हणजे त्या दिवसापासून हवेत जेवढा वायू असेल त्याच्या निम्माच ते मशीन दाखवणार होतं. ते तसं मी त्याला शिकवलं होतं, स्वतःच्या हातानं, मोठ्या शिताफीनं.

डबा तिथंच त्या खोलीत चालू ठेवला आणि पुढचे आठवडे मी दर आठवड्याला जात राहिले. दर वेळी दुपारीच, कारण गाडीच दुपारची. दर वेळी खोली तितकीच तापलेली, नळी तितकीच तापलेली, म्हणून मशीनचा आकडा दर वेळी जवळपास जुळायचा. मी खूश. किती पक्कं काम आहे बघा आपलं! पहाटे एकदा जरी गेले असते तरी सगळं उघडं पडलं असतं. फॉर्मवर मी दर वेळी तीस लिहिलं. दुसऱ्या वेळेपासून तर डब्याच्या आकड्याकडे बघायचंही सोडलं.

मावशी मला दर वेळी चहा आणून द्यायची. डब्याबद्दल पुन्हा चकार शब्द बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "ताई, आज सकाळी लय होतं. मशीननं पाहिलं असेल ना?" मी म्हटलं, "मशीन सगळं बघतं."

शाळा सुटीसाठी बंद व्हायच्या आधी तिथल्याच एका वर्गात बैठक झाली. कचेरीतले साहेब, कारखान्याचे मॅनेजर, मुख्याध्यापक, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर, आणि मी. मावशीला तक्रारदार म्हणून बोलावलं होतं. खुर्ची रिकामी असूनही ती दाराशी उभी राहिली. मी अहवाल वाचून दाखवला. सगळे दिवस मर्यादेच्या आत. काही सकाळी आकडा वर चढलेला, पण मर्यादेच्या आतच.

मॅनेजर मागे रेलून बसले. म्हणाले, "मग पोरं खोकतात कशानं? मी सांगतो कशानं. शाळेला गॅसच्या टाक्या वेळेवर येत नाहीत, म्हणून या बाई लाकडावर स्वयंपाक करतात. सकाळी सकाळी ओली लाकडं पेटवतात. सगळा धूर पोरांच्या छातीत. आणि नाव आमचं!"

मावशी म्हणाली, "मशीनला नाक आहे, मग पोरांना नाही का?"

सगळे हसले. मी पण हसले. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण हसले हे खरं आहे.

कचेरीतल्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, मशीनबद्दल काही शंका?" मी म्हटलं, "नाही सर. कॅलिब्रेशन मी स्वतः केलंय, दर आठवड्याला." लाकडाच्या धुराचा आणि आम्ही मोजलेल्या वायूचा फारसा संबंध नसतो, हेसुद्धा मला माहीत होतं. तेवढं तरी बोलू शकले असते. पण तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि जेवणाची वेळ झाली होती. मावशी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. आपल्या बाजूचा साक्षीदार काहीतरी बोलेल अशी वाट बघत असल्यासारखी. मी कागद गोळा केले.

मे महिन्यात नळी तोलायची वेळ आली. आमचा तराजू इतका नाजूक की पंखा बंद करावा लागतो, खिडकी लावावी लागते, आणि आकडा स्थिर होईपर्यंत आपणही श्वास जपून घ्यायचा. चिमट्यानं नळी ठेवली, आकडा आला. मागच्या वजनातून वजा केला, तर नळी जितकी हलकी व्हायला हवी त्याहून कितीतरी जास्त हलकी झालेली. सर शेजारीच होते. म्हणाले, "एवढी कशी झिजली गं?"

"चिमट्याला काहीतरी लागलं असेल," मी म्हटलं. चिमटा पुसून पुन्हा तोललं. तेच वजन. तिसऱ्यांदा तोललं. तेच.

तेव्हा कळलं. शप्पथ सांगते, त्याच क्षणी कळलं, कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी स्टुलावर बसले. नळी झिजली होती, म्हणजे जास्त गॅस गेला होता, म्हणजे नळी तापली होती, म्हणजे सेन्सर बिघडलेला नव्हता. अडतीस म्हणजे अडतीसच होते.

सर बाहेर गेल्यावर मी पाच आठवड्यांचे आकडे काढले आणि एका जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलनं दुप्पट करत गेले. गणित दुसरीतल्या मुलाचं. कारखाना चालू असलेल्या बहुतेक सगळ्या सकाळी मर्यादेच्या बाहेर. आणि ज्या दिवशी ती मला "आज सकाळी लय होतं" म्हणाली होती, तो दिवस सगळ्यात वर.

मग मी काय केलं? कोणीही शहाणं माणूस सांगेल, सरांकडे जायचं. मी पाकीट फाडलं. नळीवर चिठ्ठी चिकटवली, 'बाद'. सरांना सांगितलं, "ही खराब निघाली, नवी मागवू या." सर म्हणाले बरं. इतकं सोपं होतं ते.

घरी गेले तर आई म्हणाली, "काय व्हयनं? कोनासंगे भांडीसन उनी का?" मी म्हटलं, कुणाशी भांडले नाही. "मंग जेवस काबर नही?" म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले. नंतरचे सहा महिने मी बऱ्याच जणांवर खेकसले. आतून माणूस पोखरलं गेलं की बाहेर त्याचा आवाज वाढतो, निदान माझा तरी वाढला. स्वतःची समजूत घालायचे, साखरेचा हंगाम तर संपलाच, आता कुठला धूर? पोरं सुट्टीवर. पुढच्या वेळी नीट करू. कुणाचं काय बिघडलं?

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांचा फोन आला. कारखाना सुरू झाला होता. म्हणाले, "मॅडम, पुन्हा तोच वास आहे. पण यंदा तक्रार द्यायला कुणी तयार नाही. मावशीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं ना."

"काय झालं मावशीचं?"

"तुम्हाला माहीत नाही? रोजंदारीवर होती ती. जूनमध्ये वरून सांगितलं, तिला बोलावू नका. धुरानं पोरं आजारी पाडली, असा शेरा आला. तुमच्याच अहवालाचा आधार होता."

त्यांनी ते टोमणा म्हणून सांगितलं नाही. सहज सांगितलं. म्हणूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन ठेवला आणि तशीच सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, फॉर्म, अडतीस, पाकीट, 'बाद'ची चिठ्ठी. बोलताना माझा आवाज चिरकत होता आणि मला त्याचीही चीड येत होती.

"मे महिन्यातच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली सर."

"भीती तुला वाटली आणि काम तिचं गेलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या अहवालावर माझीही सही आहे. कागद घे."

त्यांनी कचेरीला पत्र लिहिलं. आमचे आकडे चुकीचे आहेत, कॅलिब्रेशन करताना नळीचं तापमान जास्त होतं आणि नोंद खोटी केली गेली, असं स्वच्छ लिहिलं. 'नजरचुकीनं' हा शब्द मी सुचवला होता. त्यांनी तो घेतला नाही. मला दोन महिने बाहेरच्या कामावर पाठवणं बंद झालं, आणि ते कमीच होतं. आमच्या खर्चानं पुन्हा मोजणी झाली. या वेळी सर स्वतः गेले, डबा धान्याच्या मातीच्या खोलीत ठेवला, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा तपासला. आकडे तसेच आले, जसे पाकिटावर होते. कारखान्याला गंधकाची भट्टी दुरुस्त करायचा आणि धुराची वाट बदलायचा आदेश निघाला. मुख्याध्यापकांनी मावशीला परत घ्यावं म्हणून वर लिहिलं. शाळेत तिच्या जागी नवीन बाई लागली होती, म्हणून उत्तर अजून यायचं होतं.

मला कुणी जा म्हणून सांगितलं नव्हतं. एका रविवारी सरांच्या पत्राची प्रत पिशवीत टाकली आणि मी मावशीच्या पाड्यावर गेले. खांडबाऱ्यापासून पुढे रिक्षा जाते तिथवर गेले, पुढे चालत. विचारत विचारत घर सापडलं. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या, वर कौलं. आणि घराबाहेर अंगणात, आंब्याखाली, तीन दगडांची चूल. मावशी तिथं उकिडवी बसून भाकरी थापत होती. आजूबाजूला चार बांबू रोवून वर निळं मेणकापड ताणलेलं, एका बाजूनं फाटलेलं.

तिनं मला ओळखलं. "ये ताई," म्हणाली आणि उठून खाट झटकली. मला वाटलं होतं शिव्या देईल. मी त्या ऐकायची तयारी करून आले होते. तिनं पाणी दिलं.

"घरात चूल नाही का?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना म्हणून.

"होती. मोडली."

"का?"

"तूच सांगितलं ना तिथं. मशीननं सांगितलं. कारखान्याचं काही नाही, चुलीचंच आहे." ती भाकरी उलटत म्हणाली. "मला आधी पटलं नाही. मग घरी येऊन विचार केला, मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला ना कारखान्याचं पडलं, ना माझं. मग मीच. इतकी वर्षं मीच पोरांच्या छातीत धूर भरला. माझ्या नातीच्या पण."

पावसाळाभर ती त्या मेणकापडाखाली स्वयंपाक करत होती. देवाला कोंबडी बोलली होती, ती देऊन आली होती, पोरांना माझ्यामुळे झालं ते माफ कर म्हणून. आणि सुट्टीला नात घरी आली तेव्हा तिनं त्या नऊ वर्षांच्या पोरीचे पाय धरले होते. हे ती सांगत होती सरळ आवाजात, जसं शेतात काय पेरलं ते सांगावं. रविवार म्हणून घरी आलेली नात खाटेच्या पलीकडे बसून शेंगा सोलत होती. तिनं मान खाली घातली.

मी किती माणसांना आजवर तोंडावर सुनावलंय! आणि इथं हातातला पाण्याचा पेला फिरवत बसले. मला वाटलं होतं तिचं काम गेलं, तिचा अपमान झाला, ते आपण कबूल करायचं आणि माफी मागायची. पण तिनं माझं खोटं खरं मानलं होतं. जी शरम मी सहा महिने टाळली, ती ही बाई चुलीसकट स्वतःच्या अंगावर घेऊन बसली होती.

"मावशी," मी म्हटलं, "चुलीचं काही नव्हतं. तुमचं बरोबर होतं. मशीन मी चुकीचं लावलं. तो डबा तापला होता. मला दिसत होतं, आणि मी खोटा आकडा लिहिला." पत्राची प्रत काढून दिली. तिनं ती उलटसुलट केली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे तिला सांग," ती नातीकडे बोट करून म्हणाली. "माझ्यासमोर सांग. मी तिचे पाय धरलेत."

मी खाटेवरून उतरले आणि त्या मुलीसमोर जमिनीवर बसले. सांगितलं. तुझ्या आजीमुळे कुणी आजारी पडलं नाही. आजीनं मला आधीच सांगितलं होतं की डबा मातीच्या खोलीत ठेव. मी ठेवला नाही, म्हणून सगळं चुकलं.

मुलगी शेंगा सोलायची थांबली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मग तू का नाही ठेवला?"

गाडीची घाई होती, ऊन होतं, सेन्सर बिघडला असं वाटलं. ही सगळी कारणं मी सरांना दिली होती, स्वतःलाही दिली होती. ती सगळी ओठावर आली. पण मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मला एकाएकी त्यातलं एकही खरं वाटेना. तेच कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं असतं, तर मी घाईगर्दीतसुद्धा डबा उचलून धावत गेले असते.

"तुझ्या आजीनं सांगितलं म्हणून," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

मुलीला ते नीट कळलं नसावं. तिनं वळून आजीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. मावशीनं तव्यावरची भाकरी काढून टोपलीत ठेवली, आणि मला म्हणाली, "हां. ते मला त्याच दिवशी कळलं होतं."